तीन वाजता उठते

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी सोनाळ्याच्या डोंगरांना पाय नसतात. शेतांवरून उन्हाची वाफ उठते आणि सातपुड्याचा खालचा भाग पुसून टाकते. वर उरतो तो नुसता निळसर काठ, कुठेच न टेकलेला. अनुपमा ओसरीत उभी राहून ते बघत होती. परवा पुण्याहून रात्रभर केलेल्या प्रवासाचा हेलकावा अजून अंगात होता. डोंगर तरंगतायत की आपण, हे तिला ठरवता येत नव्हतं आणि ठरवायची घाईही नव्हती.

आत तिची भावजय पायल पुरणयंत्रावर हातानं पुरण वाटत होती. कुलदीप, अनुपमाचा धाकटा भाऊ, ओसरीच्या टोकाला पळसाची पानं पसरून पत्रावळ्या टाचत बसला होता. पान, पानावर पान, काडी. त्याचे हात चालत होते आणि डोळे दुसरीकडेच होते. ती आल्यापासून तो तिच्याशी एवढंच बोलला होता, "ताई, बस येळेवर आली काय?"

फाटक वाजलं. एक्क्याऐंशी वर्षांचे उकंडराव, मोठेबाबा, नवी लाल घागर तान्ह्या लेकरासारखी छातीशी धरून आत आले.

"अंबू, घागर आणली वं."

अंबूबाई, अनुपमाची माय, टोपलीतले आंबे हुंगून हुंगून वेगळे काढत होती. थोरल्या दिरांना पाहून तिनं पदर सारखा केला. "ठेवा तिथं सावलीत. आंबा खाता काय, भाऊजी?"

"आंबा राहू दे. आज ही भरायची. महादेवच्या नावानं."

"ज्याच्या नावानं भरायची तो मेला पाह्यजे न पह्यले," माय शांतपणे म्हणाली आणि पुढचा आंबा नाकाशी नेला. "हा पिकला."

मोठेबाबांनी अनुपमाकडे पाहिलं. पाह्य, असंच असते, असं ते पाहणं होतं.

चार वर्षं असंच होतं. अखजीला घरातल्या पितरांच्या घागरी भरल्या जात. आज्याची, आजीची, बाळंतपणात गेलेल्या एका आत्याची. महादेवरावांची, अनुपमाच्या बाबांची, तेवढी नाही. कारण दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये या घरात दोन फोन आले होते आणि मायनं त्यातला पहिला खरा मानला होता.

तेव्हा बाबा कोविडच्या वॉर्डात होते, कुलदीप त्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर झाडाखाली, आणि माय इथे घरात तापानं फणफणलेली, बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून. संध्याकाळी सात वाजता अनोळखी नंबरवरून फोन आला. दवाखान्यातून बोलतो. पेशंटनं वरण-भात खाल्ला. दोन-चार दिवसांत सुट्टी देऊ. दुसरा फोन दोन दिवसांनी, कुलदीपचा. बाबा गेले, माय. नंतर कागद मिळाला त्यावर मात्र मृत्यूची वेळ पहिल्या फोनच्याच दिवशीची होती, दुपारचे चार.

"चार वाजता मेलेला माणूस सात वाजता वरण-भात कसा खाईन?" माय तेव्हापासून विचारत होती. चेहरा कुणी पाहिला नव्हता. कुलदीपनं लांबून चार बांधलेल्या पिशव्या पाहिल्या होत्या. त्यातली कोणती बाबांची, हे त्याला सांगता आलं नव्हतं. मायच्या हिशोबात एवढं पुरेसं होतं. कुंकू लावायची, सणाला गोड करायची, आणि कुणी बाबांचा विषय काढला की म्हणायची, "मी वाट पाहून राह्यली न. मले घाई नाही."

मोठेबाबा तिला वेड उतरवायला सैलानीच्या दर्ग्यात घेऊन गेले होते. माय तिथे लिंबाखाली दोन तास गाढ झोपली आणि येताना गल्लीतल्या पोरांसाठी रेवड्या घेऊन आली. अनुपमा पुण्यात कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. दुःखावरची, वियोगावरची, नाकारण्यावरची कितीतरी पुस्तकं तिनं तिथे वाचून काढली. प्रत्येक पुस्तकात तिला माय दिसली. स्वतः मात्र ती कुठेच सापडली नाही. आई ज्याला जिवंत म्हणते त्या बापासाठी रडायचं कसं, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. म्हणून ती रडली नव्हती. टाळेबंदीत, अंत्यविधीच्या वेळी, मोबाइलच्या पडद्यावर तिनं लांबून एक पांढरी पिशवी पाहिली होती, चित्र मध्येच थांबलं होतं, आणि त्यानंतर ती भांडी घासायला गेली होती.

गेल्या आठवड्यात कुलदीपचा फोन आला. "ताई, तू घेऊन जाय तिले. माह्याच्यानं आता होत नाही." तो कधी असं बोलत नसे. म्हणून ठरलं: आज घागर भरली नाही तर संध्याकाळच्या गाडीनं माय पुण्याला, उपचाराला, किती दिवसांसाठी ते कुणी बोललं नाही. तिची पिशवी पायलनं भरून ठेवली होती. दोन लुगडी, औषधाचा डबा, चष्मा. मायनं पिशवी पाहिली होती आणि काही विचारलं नव्हतं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा मनाचे डॉक्टर येतात, त्यांच्याबरोबरची समुपदेशक घरीही येते, हे अनुपमानंच शोधून काढलं होतं. ती दहाच्या सुमारास आली. स्वरदा नावाची, तिशीची, स्कूटरवर, तोंडाला ओढणी बांधून. बोलणं ऐकताच कळलं, ही पुण्याकडची.

"नमस्कार काकू. सणाच्या दिवशी आले, राग नाही ना?"

"राग कायचा? जेवूनच जायचं." माय तिला निरखत म्हणाली. "मेंटलच्या डॉक्टरीन तुम्हीच काय?"

"डॉक्टर नाही. मी फक्त गप्पा मारते आणि लिहून घेते."

"बरं हाय. आमच्या घरात गप्पा कोनी मारत नाही आन् लिहून तं कोनीच घेत नाही."

पायल आत हसली. मोठेबाबा खुर्ची ओढून, काठीवर हनुवटी टेकवून बसले. निकाल ऐकायला बसावं तसे. कुलदीपनं पानांचा गठ्ठा आणखी जवळ ओढला.

स्वरदानं कागद काढला. गेल्या दोन आठवड्यांत, ती म्हणाली, असं असं होतं का, एवढंच सांगायचं. घाई नाही.

"झोप लागते का, काकू?"

मायनं अंगणात पाहिलं. तिथे ऊन पांढरं होत चाललं होतं, आणि आवाजसुद्धा लांबून आल्यासारखे वाटत होते: कबुतरं, कुणाचा तरी ट्रॅक्टर, पुरणाच्या वाटणाचा घरघराट.

"नाही लागत," ती म्हणाली. "तीन वाजता उठते. अंगनात येऊन बसते. फोन हातात घेते, पाह्यते, ठेवून देते."

स्वरदानं लिहून घेतलं.

अनुपमाला काहीतरी खटकलं. काय ते कळेना. पायाखालच्या पायरीची उंची बोटभर वेगळी असावी तसं.

"जेवण जातं?"

"ताटावर बसते. दोन घास खाते. मंग ताट सरकवते."

काल रात्री माय अनुपमाच्या शेजारी बसून दोन भाकरी जेवली होती. वर ठेचाही मागून घेतला होता.

"कुणाशी बोलावंसं वाटतं? कामात लक्ष लागतं?"

"नाही वं. कोनी आवाज देल्ला तं दचकते. फोन वाजला तं पांढरं फक पडते. एकटंच वावरात जाऊन बसते."

बसते. पडते. दचकते. ते शब्द अनुपमाच्या कानात एकेक करून उतरत गेले आणि तळाशी जाऊन टेकले.

पुण्यात पहिल्या वर्षी वसतिगृहातल्या मुली तिला हसायच्या. 'मी येतो, मी जेवतो' असं ती म्हणायची म्हणून. वऱ्हाडात बाई स्वतःविषयी तसंच बोलते: मी जातो, मी करतो, मी झोपतो. 'जाते', 'करते' म्हणायचं ते दुसऱ्या कुणाविषयी. मग तो गडी असो की बाई. अनुपमानं सहा महिने जीभ वळवून वळवून 'मी येते' शिकून घेतलं होतं. माय ते जन्मात शिकली नव्हती. माय 'मी उठतो' म्हणाली असती.

ही पुण्याची मुलगी ऐकत होती ते पुण्याच्या कानानं. माय मघापासून स्वतःविषयी एक अक्षर बोलली नव्हती.

अनुपमानं मान वळवली. ओसरीच्या टोकाला कुलदीपच्या हातातली काडी पानाला लागून थांबली होती. त्याचं वजन किती उतरलंय हे तिनं कालपासून पाहिलं होतं, पण ते उन्हाळ्याच्या, वावराच्या खात्यावर टाकून दिलं होतं. घराच्या आजारपणाला एकच नाव असावं अशी सगळ्यांनीच सोय करून घेतली होती.

ती बोलली नाही. बोललं तर काहीतरी फुटेल, आणि न बोललं तर संध्याकाळी मायची पिशवी उचलून आपण गाडीत बसू, हे दोन्ही तिला एकाच वेळी दिसत होतं.

स्वरदानं कागद जरा बाजूला घेतला. "शेवटचं एक विचारते. सगळ्यांनाच विचारते, म्हणून विचारते. आपण जगू नये, मरून जावं, असं मनात येतं का?"

पुरणाची घरघर थांबली.

"ते मले नाही सांगता येत," माय म्हणाली. "ते त्यालेच इचारा."

"कुणाला?"

मायनं हातातला आंबा टोपलीत ठेवला. अनुपमाला स्वतःचाच आवाज लांबून ऐकू आला.

"माय. कोन उठते तीन वाजता?"

मायनं तिच्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच असं पूर्ण. "मले वाटलं व्हतं, पुन्याले जाऊन तू आपली बोली इसरली असन," ती म्हणाली. "आयकू आलं म्हना तुले."

कुलदीप उठला. पानं मांडीवरून सांडली. तो चपला शोधत होता, एक सापडत नव्हती. "मोटर चालू हाय," तो म्हणाला. "मी पाहून येतो."

"लाइन नाही सकाळपासून," पायल दारातून म्हणाली. तिचे हात पुरणानं माखलेले होते. "मोटर कशी चालू असन? रात्री बी हेच सांगता. मले वाटे दुसरंच काही हाय. कोनी बाई असन, असं बी वाटलं मले. लाज वाटली इचाराची."

"बस खाली, बाप्पा," माय म्हणाली.

तो बसला. ज्या आवाजात तिनं ते म्हटलं, त्या आवाजात सांगितलेलं कुलदीपनं लहानपणीही कधी मोडलं नव्हतं. सांडलेली पानं तो एकेक करून गोळा करू लागला. मग बोलला, तेव्हा स्वरदाशी बोलला. घरातल्यांशी बोलणं त्याला जमलं नसतं.

"पह्यला फोन मीच केल्ता, मॅडम."

मोठेबाबांची हनुवटी काठीवरून उचलली गेली.

"चार वाजता फाटकावर सांगतलं मले, बाबा गेले म्हनून. घरी माय एकटी. ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. हिले सांगतलं तं हे बी जाईन, असं झालं मले. एका मानसाचा फोन मांगला. तोंडाले रुमाल होताच. आवाज बदलवला आन् म्हटलं, वरण-भात खाल्ला." तो थांबला. "वरण-भात काऊन म्हटलं, कोन जाने. दोन दिवसांनं हिचा ताप उतरला, मंग खरं सांगतलं. तं हिनं तेच धरून ठेवलं, पह्यलंच. माह्या खोट्यापायी माय याडी झाली, मॅडम. घरचा फोन वाजला का मले वाटते, कोनीतरी माह्याच आवाजात खोटं सांगीन."

"म्हणजे," मोठेबाबा म्हणाले. त्यांची काठी जमिनीवर टकटकू लागली होती. "म्हणजे माहा भाऊ चार वाजता मेला, आन् तू दोन दिवस सांगतलं नाही? दुसऱ्या दिवशी माह्या घरी आमरस व्हता बे! मी आमरस-पोळी खाल्ली. भावाच्या सुतकात! दोन वाट्या खाल्ल्या!"

कुणी हसलं नाही. ते हसण्यासारखं होतं, पण मोठेबाबांचे ओठ थरथरत होते. धाकट्या भावाला खांद्यावर बसवून बाजार दाखवणारा माणूस चार वर्षं त्या दोन वाट्या न कळता पोटात घेऊन फिरला होता.

"तुम्ही खाल्ली, भाऊजी," माय म्हणाली. "मी नाही खाल्ली. मी त्या राती गोड सोडलं. तेरा दिवस धरलं. मनातल्या मनात."

अनुपमाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ओसरीतला उजेड हलला, पळसाच्या पानांवरून सरकला.

"तुले माहीत व्हतं?" कुलदीप म्हणाला.

"दवाखान्याचा मानूस," माय म्हणाली, "फोन ठेवता ठेवता मले 'गोळी घेतली काय तू' असं इचारते काय? तू! दवाखान्याचा मानूस मले तू म्हनते काय? पोटचं पोट्टं रुमाल बांधून बोललं तं मले नाही समजत?" तिनं डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "तवाच समजलं मले, हे गेले. अन् हे बी समजलं, का माहा पोरगा तिथं रस्त्यावर एकटा उभा हाय आन् माह्यासाठी खोटं बोलून राह्यला. मी काय म्हनू? 'खोटं काऊन बोलतं' म्हनू?"

"मंग नंतर सांगाचं न, माय! चार वर्ष…"

"मी सांगतलं असतं तं तू खोटा पडला असता सगळ्याईत. या उकंडभाऊजींनं तुले तवा जिता ठेवला असता काय? पाह्य, आमरसासाठी अजून बोंबलून राह्यले." मोठेबाबांनी मान खाली घातली. "मी म्हटलं, धरून ठेवू पोराचा शब्द. कधी तं येऊन सांगीन, माय, असं असं झालं. लोकं म्हनत, अंबू नवऱ्याची वाट पाह्यते. मेलेल्याची वाट कोन पाह्यते? मी तुही वाट पाहून राह्यली व्हती."

ते चार वर्षांचं अंतर ओसरीवर उलगडून पडल्यासारखं दिसत होतं. दोन माणसं एका घरात, एकमेकांना वाचवायला एकेक खोटं पाठीवर घेऊन, रोज एकाच ताटाळ्यातली भांडी काढणारी. अनुपमानं वाचलेल्या एकाही पुस्तकात असं घर नव्हतं. तिला वाटलं आता रडू येईल. ते आलं नाही, पण कुठे अडलंय ती जागा तिला कळली, आणि चार वर्षांत ती जागाही कळली नव्हती.

स्वरदा उठून कुलदीपजवळ, पानांमध्ये खाली बसली. तिचा आवाज मघापेक्षा साधा झाला होता.

"दादा, काकूंनी जे उत्तर दिलं नाही, ते तुम्ही सांगाल?"

कुलदीपनं पायलकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "वावरातल्या विहिरीपाशी जातो. बसतो. पानी पाह्यतो."

"उडी मारावी असं वाटतं?"

"वाटते कधी कधी. मंग उजाडते."

"आज वाटतंय?"

तो विचार करू लागला. खराच विचार करत होता. "आज नाही," तो म्हणाला. "आज घरात पाव्हणे हायेत."

पायल पुढे आली आणि पुरणाचे हात तसेच घेऊन त्याच्या शेजारी बसली.

स्वरदानं घाई केली नाही. हे दुखणं आहे, ती म्हणाली, आणि त्याला औषध आहे. तुम्ही वाईट माणूस आहात याचा तो पुरावा नाही. महिन्याच्या डॉक्टरांची वाट पाहायची नाही. उद्या सकाळी बुलढाण्याला, ती स्वतः तिथे असेल. तोवर एकटं सोडायचं नाही, रात्री तर नाहीच, आणि विहिरीकडे कुणीतरी सोबत. तिनं आपला नंबर पायलच्या मोबाइलमध्ये घालून दिला आणि रात्री कुणालाही, कधीही लावता येईल असा आणखी एक. "बरोबर कोण येईल?"

"मी जातो," माय म्हणाली.

"माय, तुझी पिशवी पुण्यासाठी…" अनुपमा म्हणाली आणि तिथेच थांबली.

"भरलेलीच हाय न. बुलढान्याले चालीन तेच. तू बी चाल. तुह्याकडे पाहून मले बरं नाही वाटत. तीन रोजात रडली बी नाहीस, हसली बी नाहीस."

"कालच आले मी, माय."

"मले तीन रोज वाटले."

स्वरदा जेवून जायचं कबूल करून शेजारच्या गल्लीत दुसऱ्या एका घरी जाऊन यायला निघाली. तिथेही कुणी चार वर्षं दारातल्या बाजेवरून उठत नव्हतं, म्हणाली. अशी घरं किती आहेत ते अनुपमानं विचारलं. स्वरदानं नुसता हात गावावरून फिरवला, गावापलीकडे, डोंगरांना पाय नव्हते तिकडे.

अनुपमा तिला फाटकापर्यंत सोडून परत आली तेव्हा कुलदीप झोपलेला होता. कुणी झोप म्हटलं नव्हतं, अंथरूण घातलं नव्हतं. पत्रावळ्यांच्या ढिगाशेजारी, उघड्या फरशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, तोंड किंचित उघडं. लहानपणी शाळेतून आल्यावर दप्तरासकट झोपायचा तसा. पायल त्याच्या पायांशी बसून होती. मायनं त्याच्या डोळ्यांवर येणारं ऊन अडवायला स्वतःला बोटभर सरकवून घेतलं होतं.

स्वयंपाक तयार होता. घागर भरायची ती बाराच्या आत, असं मोठेबाबांचे वडील सांगत आणि त्यांचेही वडील. मोठेबाबांनी उन्हाकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. मुलानंच भरायची असते. दुसऱ्या कुणी भरून चालत नाही. अनुपमा त्याला हलवायला वाकली.

"उठवू नको," मोठेबाबा कुजबुजले.

"पण बारा वाजत आले."

म्हाताऱ्यानं काठी आवाज न करता भिंतीला टेकवली आणि खाली, पुतण्याच्या उशाशी, हळूच बसकण मारली.

"वाजू दे," ते म्हणाले. "महादेव थांबीन. त्याच्याच लेकराले झोप लागली हाय."